शास्त्रीय लेखनातील वाङ्मयचौर्य : हेतू, परिणाम आणि निदानपरिवर्जन

आयुर्वेदविषयक नियतकालिकांची संख्या गेल्या दोन दशकांत मोठ्या प्रमाणात वाढली आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंधाच्या जोडीने लेख हवा असतो, अध्यापकाला पदोन्नतीसाठी हवा असतो आणि औषधनिर्मात्याला आपल्या कल्पाच्या समर्थनार्थ हवा असतो. लेखांची गरज अशी चहूबाजूंनी वाढली. परंतु रुग्ण तपासून, नोंदी ठेवून, ग्रंथ धुंडाळून लेख सिद्ध करण्यास लागणारा काळ काही कमी झाला नाही. या तफावतीतून जो दोष बळावला, तो म्हणजे वाङ्मयचौर्य. प्रस्तुत लेखात या दोषाचे स्वरूप, त्याचे रुग्णापर्यंत पोहोचणारे परिणाम आणि त्याच्या प्रतिबंधाचे व्यवहार्य उपाय यांचा विचार करावयाचा आहे.

हा विषय महाविद्यालयांचा व प्राध्यापकांचा आहे, दवाखान्यात बसणाऱ्या वैद्याचा किंवा फार्मसीच्या मालकाचा त्याच्याशी संबंध काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. संबंध निकटचा आहे. लेख लिहितो अध्यापक. पण त्यातील योग, मात्रा आणि अनुपान वापरतो चिकित्सक, आणि ते औषध तयार करतो निर्माता. लेखातील असत्याची किंमत शेवटी रुग्ण मोजतो.

स्वरूप आणि प्रकार

दुसऱ्याचे शब्द, कल्पना, निरीक्षणे, कोष्टके वा छायाचित्रे श्रेय न देता आपली म्हणून मांडणे, ही वाङ्मयचौर्याची ढोबळ व्याख्या होय. त्याचे प्रकार मात्र अनेक आहेत. परिच्छेद जसाच्या तसा उतरवणे हा सर्वांत स्थूल आणि म्हणूनच सर्वांत लवकर उघडकीस येणारा प्रकार. शब्द बदलून वाक्यरचना तीच ठेवणे हा दुसरा. इंग्रजी वा हिंदी लेखाचे मराठीत भाषांतर करून तो स्वतंत्र लेख म्हणून छापणे हा तिसरा. आपल्या प्रादेशिक नियतकालिकांत हा विशेष संभवतो, कारण भाषा बदलली की संगणकाची चाळणी बहुधा निरुपयोगी ठरते. स्वतःचाच जुना लेख नव्या नावाने दुसरीकडे देणे, म्हणजे दुबार प्रकाशन, हा चौथा. आणि दुसऱ्याच्या रुग्णांची माहिती आपली म्हणून वापरणे हा पाचवा, सर्वांत घातक प्रकार.

याखेरीज एक सूक्ष्म प्रकार आहे, तो म्हणजे संदर्भांची नक्कल. मूळ ग्रंथ न उघडता दुसऱ्याच्या लेखातील स्थान, अध्याय व श्लोकाचा क्रमांक उचलायचा आणि आपण मूळ वाचल्याचा आव आणायचा. लॉस एंजेलिस येथील दोन संशोधकांनी २००३ च्या सुमारास एक गमतीचा अभ्यास केला. एखाद्या संदर्भातील छपाईची चूक पुढच्या किती लेखांत जशीच्या तशी उतरते, हे मोजून त्यांनी अनुमान काढले की संदर्भ देणाऱ्यांपैकी सुमारे वीस टक्के लेखकच मूळ लेख वाचतात. आपल्याकडील लेखांत चुकीचा श्लोकांक लेखामागून लेखात प्रवास करताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या अनुमानाचे नवल वाटणार नाही.

एक रुग्ण दोनदा मोजला जातो तेव्हा

वाङ्मयचौर्याकडे आपण बहुधा श्रेयाच्या दृष्टीने पाहतो. अमक्याने तमक्याचे श्रम लाटले, हे वाईट झाले, इतकेच म्हणून थांबतो. वैद्यकात याहून गंभीर गोष्ट घडते. शस्त्रकर्मानंतरच्या छर्दीवर वापरल्या जाणाऱ्या ऑन्डान्सेट्रॉन या औषधाचे उदाहरण या संदर्भात प्रसिद्ध आहे. १९९७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की या औषधाच्या प्रसिद्ध चाचण्यांच्या अहवालांपैकी १७ टक्के अहवाल दुबार होते आणि रुग्णांच्या माहितीपैकी २८ टक्के माहिती पुन्हा मोजली गेली होती. पुष्कळदा दुसऱ्या वेळी पहिल्या लेखाचा उल्लेखही नव्हता. ही दुबार माहिती धरून एकत्रित निष्कर्ष काढला असता औषधाचा परिणाम २३ टक्क्यांनी फुगवून दाखवला जात होता. औषध खोटे नव्हते, चाचण्याही झालेल्या होत्या. तेच रुग्ण पुन्हा मोजल्याने गुण मात्र वाढून दिसला.

आता हेच आपल्या क्षेत्रास लावून पाहावे. आपल्याकडे बहुसंख्य लेख एका वा थोड्या रुग्णांच्या अनुभवावर आधारलेले असतात. शंभर रुग्णांच्या अभ्यासात पाच दुबार निघाले तर निष्कर्ष थोडा हलेल. परंतु एखाद्या कल्पाविषयी एकूण चारच रुग्णानुभव प्रसिद्ध असतील आणि त्यांतील दोन एकाच रुग्णाचे असतील, तर आपला पुरावा एक चतुर्थांशाने पोकळ ठरतो.

काही वर्षांपूर्वी एका नियतकालिकासाठी लेखपरीक्षण करीत असताना माझ्याकडे श्वित्रावरील एक लेख आला. चिकित्सेपूर्वीची व नंतरची छायाचित्रे सोबत होती. मनगटाजवळ भाजल्याचा एक जुना, अर्धचंद्राकृती व्रण होता. तो व्रण पाहिल्यासारखा वाटला, म्हणून जुने अंक काढले. दुसऱ्या एका नियतकालिकात तोच हात, तोच व्रण, तीच दोन छायाचित्रे होती. मात्र तेथे लेखक निराळे होते आणि गुण आलेला कल्पही निराळा होता. मजकुरातील एकही वाक्य जुळत नव्हते, त्यामुळे संगणकीय तपासणीत हा लेख निर्दोष ठरला असता. संपादकांनी लेखकांकडे खुलासा मागितला, तो आला नाही आणि लेख छापला गेला नाही. परंतु आधी छापलेला लेख आजही तसाच आहे. त्या रुग्णाला नेमका कोणत्या कल्पाने गुण आला, किंवा आला की नाही, हे सांगणारे आता कोणी नाही. आणि त्या लेखावर विसंबून कोणी वैद्य आपल्या रुग्णाला ते औषध महिनोन्‌महिने देत असेल.

उसने वाक्य शोधून काढता येते. उसना रुग्ण शोधणे फार कठीण असते. म्हणून प्रतिबंधाचा मुख्य भर वाक्यांपेक्षा रुग्णनोंदींच्या सत्यतेवर असला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या शास्त्राची रीत

वाङ्मयचौर्याची कल्पना पाश्चात्त्य आहे, आपले प्राचीन ग्रंथ एकमेकांतून श्लोक घेतच सिद्ध झाले, असा युक्तिवाद अधूनमधून ऐकू येतो. प्राचीन ग्रंथकार परस्परांचे श्लोक मुक्तपणे घेत, प्रत्येक श्लोकाचे मूळ सांगत नसत, हे खरे आहे. परंतु आपला ग्रंथ कोणत्या जातीचा आहे, त्यात आपले किती व पूर्वसूरींचे किती, हे सांगण्याची त्यांची रीत होती.

चरकसंहितेतील अध्यायांच्या पुष्पिका पाहाव्यात. तंत्र अग्निवेशाचे, प्रतिसंस्कार चरकाचा, असा स्पष्ट निर्देश त्यांत असतो. चिकित्सास्थानातील सतरा अध्याय आणि कल्प व सिद्धी ही दोन स्थाने उपलब्ध नव्हती, ती दृढबलाने पूर्ण केली. एकशेवीस अध्यायांपैकी हे एकेचाळीस अध्याय होतात. एवढा मोठा भाग रचूनही दृढबलाने तो आपला किती हे नेमके नोंदवले आणि अनेक तंत्रांतून, शेतात सांडलेले कण वेचावेत तसा, हा मजकूर वेचला असेही सांगितले. माधवकराने रोगविनिश्चयाच्या आरंभीच आपला ग्रंथ हा मुनिवचनांचा संग्रह असल्याचे म्हटले आहे.

सूत्रस्थानातील आत्रेयभद्रकाप्यीय अध्याय तर या दृष्टीने आदर्श मानावा. रस किती, या प्रश्नावर चैत्ररथ वनात ऋषी जमले. भद्रकाप्य एक म्हणतो, शाकुंतेय दोन, पूर्णाक्ष मौद्गल्य तीन, हिरण्याक्ष कौशिक चार, कुमारशिरा भरद्वाज पाच, वार्योविद सहा, निमी सात, बडिश धामार्गव आठ, आणि कांकायन असंख्य. आत्रेयांनी सहा रसांचा सिद्धांत मांडला; पण जी मते त्यांनी स्वीकारली नाहीत तीही ज्याची त्याच्या नावासह ग्रंथात राहिली. खोडून काढलेल्या मतालाही जेथे धनी ठेवला जातो, तेथे स्वीकारलेल्या मताचा धनी पुसून टाकणे ही परंपरा कशी म्हणावी?

आणि चक्रपाणिदत्तांचे उदाहरण फारच बोलके आहे. त्यांच्या चिकित्सासंग्रहाला वृंदाच्या सिद्धयोगाचा आधार आहे. त्यांनी त्यात आपल्याकडील अधिक योगांची भर घातली, आणि ग्रंथाच्या शेवटी, हे अधिक योग जो कोणी तिकडे नेऊन घालील किंवा येथून काढून टाकील त्याच्या मस्तकावर शाप पडो, अशा अर्थाचा श्लोक लिहिला. अकराव्या शतकातील या वैद्याला कोणता योग कोणाचा हे कायम वेगळे ओळखता यावे, याची एवढी काळजी होती.

अर्वाचीन काळात महाराष्ट्रातही हीच रीत पाळली गेली. अकोल्याचे हरिशास्त्री पराडकर यांनी सर्वांगसुंदरा व आयुर्वेदरसायन या दोन टीकांसह संपादिलेली अष्टांगहृदयाची निर्णयसागर प्रत आपल्यापैकी अनेकांच्या संग्रही असेल. तिच्या मुखपृष्ठावर त्याआधी संशोधन केलेल्या डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे आणि कृष्णशास्त्री नवरे यांची नावे राखलेली आहेत. पूर्वसूरींची नावे राहिल्याने पराडकरशास्त्रींचे मोल उणावले नाही.

संदर्भाचे मोल व्यवहारातही केवढे असते, हे हळदीच्या पेटंटने दाखवून दिले. जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर या विषयावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिले गेले. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली त्यास आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. हे यश मिळाले ते बत्तीस लिखित संदर्भांच्या बळावर, ज्यांत जुना संस्कृत ग्रंथ होता आणि १९५३ सालचा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातील लेखही होता. आपल्या आजीला हे ठाऊक होते, एवढ्याने काम भागले नसते. कोणी, कोठे, केव्हा लिहिले, हे सांगता आले म्हणून हळद आपली राहिली.

याच डॉ. माशेलकरांच्या अध्यक्षतेखालील पेटंट कायद्याविषयीच्या तज्ज्ञ समितीच्या अहवालात पुढे दुसऱ्या एका निबंधातील मजकूर श्रेय न देता आल्याचे निदर्शनास आले, तेव्हा २००७ साली तो अहवाल मागे घेण्यात आला आणि सुधारित अहवाल २००९ मध्ये सादर झाला. ज्येष्ठांच्या देखरेखीखालीही असा दोष शिरू शकतो, आणि दोष दिसताच लेखन मागे घेणे हाच त्यावरील सन्मार्ग होय, हे दोन्ही बोध यातून घ्यावेत.

नियम आणि संगणकाची मर्यादा

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली उच्च शिक्षणसंस्थांसाठी वाङ्मयचौर्य प्रतिबंधाचे विनियम जारी केले. त्यांत साम्याच्या चार पातळ्या आहेत. दहा टक्क्यांपर्यंत साम्य असल्यास दंड नाही. दहाच्या वर चाळीस टक्क्यांपर्यंत साम्य असल्यास विद्यार्थ्याला प्रबंध सुधारून सहा महिन्यांच्या आत द्यावा लागतो. साठ टक्क्यांपर्यंत गेल्यास सुधारित प्रबंध देण्यास एक वर्ष बंदी, आणि साठ टक्क्यांच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द होते. अध्यापकाच्या प्रकाशित लेखनात चाळीस टक्क्यांच्या वर साम्य आढळल्यास लेख मागे घेण्यासोबत एक वेतनवाढ रोखली जाते आणि दोन वर्षे मार्गदर्शक होता येत नाही. साठ टक्क्यांच्या वर दोन वेतनवाढी आणि तीन वर्षे. श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर, संदर्भसूची आणि योगायोगाने जुळणारे लागोपाठ चौदा शब्दांपर्यंतचे साम्य यातून वगळलेले आहे. तपासणीसाठी विद्यापीठांना संगणकीय आज्ञावली उपलब्ध करून देणारा शोधशुद्धी हा उपक्रम २०१९ साली सुरू झाला.

नियम स्वागतार्ह आहेत. परंतु टक्केवारी म्हणजे निदान नव्हे. नाडी एकदम द्रुत लागली म्हणून ज्वराचे निदान कोणी करीत नाही, तद्वत साम्याचा आकडा हे केवळ एक लिंग समजावे. संहितांतील श्लोक वारंवार उद्धृत करणाऱ्या निर्दोष प्रबंधात साम्य अधिक दिसू शकते, आणि उसन्या रुग्णावर बेतलेल्या लेखात ते शून्यही येऊ शकते. त्यातच आकडा खाली आणण्यासाठी शब्द बदलून देणाऱ्या आज्ञावल्या आल्या. २०२१ मध्ये काही संशोधकांनी अशा विकृत शब्दप्रयोगांचा माग काढला, तेव्हा ब्रेस्ट कॅन्सर या रूढ संज्ञेच्या जागी बुझम पेरिल, म्हणजे उरावरील संकट, असे शब्द छापील शास्त्रीय लेखांत सापडले. यंत्राने आमवातातील आम काढून तेथे कच्चे फळ घातले, तर ते ओळखायला शेवटी वाचणारा वैद्यच हवा. २०२२ च्या अखेरीपासून लेख लिहून देणारी यंत्रणाच सर्वांच्या हाती आली आहे. ती अस्तित्वात नसलेले संदर्भही आत्मविश्वासाने देते. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२३ साली स्पष्ट केले की अशा यंत्रणेस लेखक म्हणता येत नाही, तिचा वापर केल्यास तो जाहीर करावा आणि मजकुराची संपूर्ण जबाबदारी मानवी लेखकाची राहील.

औषधनिर्मात्यांसाठी

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत २०१० साली समाविष्ट झालेल्या १५८-ब या नियमानुसार परवान्यासाठी औषधाच्या प्रकाराप्रमाणे ग्रंथाधार, प्रकाशित साहित्य वा परिणामकारकतेचा पुरावा द्यावा लागतो. हे प्रकाशित साहित्यच उचललेले असेल तर निर्माता नकळत वाळूवर घर बांधत असतो. म्हणून माहितीपत्रकात कोणत्याही लेखाचा आधार देण्यापूर्वी तो लेख संपूर्ण मिळवून वाचावा. सारांशावर विसंबू नये. लेखातील कल्पाचे घटक, प्रमाण व निर्मितिप्रक्रिया आपल्या कल्पाशी जुळतात का, हे पाहावे. त्याच रुग्णांवर आधारित दुसरा लेख प्रसिद्ध नाही ना, याची लेखकाकडे लेखी विचारणा करावी.

एक गोष्ट येथे स्पष्टपणे सांगितली पाहिजे. लेख कंपनीच्या कार्यालयात सिद्ध व्हायचा आणि त्यावर नाव मात्र एखाद्या नामांकित वैद्याचे घालायचे, ही पद्धत दोघांनाही अपायकारक आहे. ज्याने रुग्ण पाहिला नाही आणि मजकूर लिहिला नाही, तो लेखक होऊ शकत नाही. आर्थिक साहाय्य देण्यात गैर काही नाही. ते लेखात नमूद न करण्यात आहे.

निदानपरिवर्जन

चिकित्सेचे पहिले सूत्र निदानपरिवर्जन. त्या दृष्टीने पुढील गोष्टी आपल्या संघटनेने व वाचकांनी अंगीकाराव्यात, असे सुचवितो.

विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षापासून टिपणे काढण्याची शिस्त लावावी. उतरवलेला मजकूर अवतरणचिन्हांत व पृष्ठांकासह लिहावा, स्वतःचा विचार वेगळ्या शाईने लिहावा. पुष्कळ उचलेगिरीचा उगम गोंधळलेल्या टिपणवहीत असतो. सहा महिन्यांनी आपले काय आणि परके काय हे लेखकालाच उमगत नाही.

संहितावचन देताना स्थान, अध्याय, श्लोकांक यांबरोबर आवृत्ती व संपादक द्यावेत. भाषांतर दुसऱ्याचे असल्यास भाषांतरकाराचे नाव द्यावे. मूळ ग्रंथ पाहिला नसेल, तर कोणाच्या लेखावरून संदर्भ घेतला ते प्रामाणिकपणे लिहावे.

रुग्णानुभव पाठवताना बाह्यरुग्ण नोंदवहीतील क्रमांक, तपासणीच्या तारखा, रुग्णाचे संमतिपत्र आणि छायाचित्रांच्या मूळ प्रती संपादकांकडे गोपनीय म्हणून द्याव्यात. संपादकांनी त्यांची स्वतंत्र नोंदवही ठेवावी. एवढ्या एका रीतीने उसन्या रुग्णांना मोठा आळा बसेल. चिकित्सकीय चाचणी असल्यास २००७ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय नोंदणीतील क्रमांक लेखात अवश्य द्यावा. एक अभ्यास, एक क्रमांक, म्हणजे दुबार मोजणी लगेच ध्यानी येईल.

तक्रार आल्यास संपादकांनी दोन्ही लेख शेजारी ठेवून पाहावेत, लेखकाला खुलाशाची संधी द्यावी आणि मगच निर्णय करावा. दोष किरकोळ असल्यास पुढील अंकात दुरुस्ती छापावी. गंभीर असल्यास कारण देऊन लेख मागे घेतल्याचे जाहीर करावे. निर्नाम कुजबुज आणि सोयीस्कर मौन, दोन्ही टाळावीत. १९९७ साली ब्रिटनमधील वैद्यकीय संपादकांनी स्थापन केलेल्या प्रकाशननीती समितीची कार्यपद्धतीही थोड्याफार फरकाने अशीच आहे.

विद्यापीठाचे विनियम संघटनेच्या त्रैमासिकाला दंड करायला येणार नाहीत. आपल्या पानांची राखण आपल्यालाच करावी लागेल. वर सुचविलेली रुग्णनोंदवही पुढील अंकापासून सुरू करता येण्याजोगी आहे. त्यास एक जाड वही, एक कुलूपबंद कपाट आणि ती नियमाने भरणारा एक सहसंपादक एवढेच पुरेसे आहे. वाचकांनीही कोणताही रुग्णानुभव स्वतःच्या रुग्णावर योजण्यापूर्वी लेखकाला एक पत्र लिहावे किंवा दूरध्वनी करावा. ज्याने रुग्ण खरोखर पाहिला आहे, तो त्याच्याविषयी लेखात लिहिले त्याहून अधिक सांगू शकतो.